पिवळ्यावरचं पांढरं

डोळ्यांच्या परीक्षेत मी दोनदा कॉपी करून पास झाले आणि तिसऱ्यांदा पकडले गेले. लाज वाटायची ती तेव्हाच वाटून संपली. आता आठवलं की हसू येतं, आणि आलं की आवरत नाही. सून म्हणते, आई, गॅलरीत एकट्या बसून हसत जाऊ नका, शेजारचे पाहतात. पाहू देत. मला आता तेही दिसतात, त्यांच्या बनियनच्या भोकांसकट.

आमचं वर्कशॉप हिंगण्याच्या एमआयडीसीत. बाहेरून टिनाचं शेड, दारात चहाची टपरी आणि झोपलेलं कुत्रं. आत विमानाचे पार्ट बनतात. अख्खं विमान नाही, हे नातेवाइकांना सांगून सांगून मी थकले. विमानाच्या भिंतींच्या आतून वायरी जातात. त्या हलू नयेत म्हणून त्यांना धरून ठेवायला ॲल्युमिनियमचे ब्रॅकेट लागतात, बोटाएवढे, दोन भोकांचे. ते आम्ही बनवतो. विमानात बसणाऱ्याला तो ब्रॅकेट जन्मात दिसत नाही. पण मशीनवरून निघालेल्या ब्रॅकेटच्या कडेला कुसळासारखी बारीक धार राहते. तिला आम्ही बर म्हणतो. ती वायरीला घासत राहिली तर वायर कापली जाते, आणि वर आकाशात कापली गेलेली वायर खाली उतरून जोडता येत नाही.

मी आधी तीस वर्षं बिड्या वळल्या. तिथला तपासनीस दोन बोटांत बिडी फिरवायचा आणि आवडली नाही की आमच्या देखत मोडून टाकायचा. त्याला मी रोज मनातल्या मनात शिव्या दिल्या. मग या वर्कशॉपमध्ये आले. सात वर्षं पात्याने बर काढली, आणि एक दिवस मालकाने मलाच शेवटच्या तपासणीच्या टेबलावर बसवलं. आता नाही म्हणणारी मी. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता.

त्या टेबलाबरोबर शिक्का मिळतो. रबरी, शेंगदाण्याएवढा, त्यावर नंबर. माझा नंबर नऊ होता. पार्टांचा लॉट तपासून झाला की त्याच्या कागदावर तो मारायचा. पुढे त्या पार्टाचं काहीही झालं तरी कागद काढून पाहता येतं की नऊ नंबरच्या बाईने याला पास केलं होतं. माझा नवरा खापरखेड्याच्या पॉवर हाऊसमध्ये ठेक्यावर होता. त्याला तिथे गेटपास मिळायचा, तोही संध्याकाळी परत द्यावा लागायचा. माझा शिक्का माझ्या ड्रॉवरमध्ये, ड्रॉवरला कुलूप आणि किल्ली माझ्या कमरेला. तो जावा असं मला वाटत नव्हतं. सगळी कॉपी त्यासाठीच.

कारण शिक्का ठेवायचा तर वर्षातून एकदा डोळ्यांची परीक्षा द्यावी लागते. ती घेते आमची क्वालिटी इंजिनीअर. पारशिवनीकडची मुलगी, तिशीची, उंच, केस घट्ट बांधलेले. मशीनवाले दिवसभर पार्ट बनवतात आणि ही दिवसभर त्यांना नाही म्हणते. मालकालाही म्हणते. तिच्या टेबलावर मोजमापाची यंत्रं असतात, आणि त्या यंत्रांना मोजायचीही वेगळी यंत्रं असतात. मी एकदा विचारलं, या दुसऱ्या यंत्राले कोण मोजते? ती म्हणाली, त्याच्यासाठी तिसरं आहे, बाहेर पाठवतो. मी पुढे विचारलं नाही. अशाने वेड लागतं.

परीक्षेचं कार्ड तिने स्वतःच बनवलेलं होतं. आठ ओळी मराठीत, पहिली मोठ्या अक्षरात, खाली खाली बारीक होत गेलेली. हातभर अंतरावर धरून वाचायचं. गावाबाहेर एक तळं आहे, काठावर चिंचेचं झाड आहे, झाडाखाली माळी झोपला आहे, अशी ती गोष्ट होती. चौथ्या ओळीत शेळी येते, पाचवीत ती माळ्याची टोपी खाते, आणि आठवीत तळ्यात पडते. ती पडलेली मी कधी पाहिली नाही. ऐकूनच माहीत.

ऐकवणारी आमची पॅकिंगवाली. महाल भागातली बाई, माझ्याहून दहा वर्षांनी लहान, आवाज असा की मशीन चालू असतानाही ती काय भाजी आणली ते अख्ख्या शेडला कळतं. खोक्यावरचं, वर्तमानपत्राच्या तुकड्यावरचं, जे दिसेल ते मोठ्याने वाचायची तिला सवय. मला तिसऱ्या ओळीनंतर सगळं तेलकट दिसायला लागलं तेव्हा मी तिलाच धरलं. इंजिनीअर जेवायला गेली की ही कार्ड आणायची आणि डब्याच्या सुट्टीत आमची शाळा भरायची.

"सांग वं, शेळी कोणत्या ओळीत येते?"

"पाचव्या."

"चौथ्या. पाचवीत टोपी खाते. तुले काहीच लक्षात राहत नाही."

"तुया तोंडात घास आहे, काही समजून नाही राहिलं. पुन्हा म्हण."

"घास तुयाच डब्यातला आहे."

दोन वर्षं मी ती गोष्ट खणखणीत म्हटली. इंजिनीअरने दोन्ही वेळा कागदावर पास लिहिलं, आणि पॅकिंगवाली खोक्यांच्या मागे तोंडात पदर कोंबून हसत होती.

तिसऱ्या वर्षी इंजिनीअरने कार्ड धरलं आणि म्हणाली, "मावशी, आज नुसती सहावी ओळ वाचा. मला बाराला मीटिंग आहे."

इथे मी फसले. मी चौथी शिकलेली बाई. मला सात आठे विचारलं तर मला सात एके सातपासून निघावं लागतं, मधूनच चढता येत नाही. ती गोष्टही मी पाढ्यासारखीच पाठ केली होती. मी कार्डाकडे पाहत तोंड मिटून तळ्यापासून निघाले. झाड गेलं, माळी झोपला, शेळी आली. मला वाटलं मी मनात म्हणून राहिले. ओठ हलत होते.

"मावशी," ती म्हणाली, "कुठपर्यंत आल्या?"

"टोपीपर्यंत," मी म्हणाले.

खोक्यांच्या मागे काहीतरी पडल्याचा आवाज आला. ती पॅकिंगवाली होती, स्टुलावरून.

मला खोटं बोलता येतं, पण एकदा पकडलं की पुढे ताणत बसत नाही. सांगितलं, पाठ आहे. ती विचारते, कधीपासून? दोन वर्षं. मग पार्ट कसे तपासता? नखाने, मी म्हणाले, आणि अंगठ्याचं नख टेबलाच्या कडेवरून फिरवून दाखवलं. डोळ्याला दिसणार नाही अशी बर नखाला लागते. माझं नख कधी चुकलं नव्हतं, आणि हे मी तिला तोंडावर सांगितलं.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने हात पुढे केला. "शिक्का द्या."

मी किल्ली सोडून दिली.

"मावशी, नऊ नंबरचे पार्ट कुठं कुठं गेले, माहीत आहे काय?"

"चांगलेच गेले."

"ते तुम्ही सांगून राहिल्या. कागदावर काय दाखवू मी? नख?"

"मग घे परीक्षा. नखाचीच घे."

"घेणारच आहे," ती म्हणाली. "तुमच्यासाठी नाही. त्या पार्टांसाठी."

दुसऱ्या दिवशी तिने कँटीनच्या टेबलावर ट्रे मांडला. चाळीस ब्रॅकेट, प्रत्येकाखाली चिकटपट्टीवर आकडा. कोणते वाईट ते तिच्या कागदावर, कागद पालथा. मशीनवाले जमले, मालक दारात उभा राहिला, चहावालाही आत आला. मशीनवाल्यांत दोन पक्ष पडले. एक म्हणे मावशी काढते, एक म्हणे नाही काढत. पॅकिंगवालीने कोणालाच न विचारता माझी बाजू घेतली आणि कोणी खोकला तरी त्याला चूप म्हणत होती.

मी पदर खोचला आणि सुरू झाले. एकेक ब्रॅकेट उचलायचा, नख आधी बाहेरच्या कडेवरून, मग दोन्ही भोकांच्या आतून, मग पाठीवरून. इतकं मोकळं मला खूप दिवसांत वाटलं नव्हतं. चोरून काही नाही, सगळ्यांसमोर. सातव्याला बर. लाल पेटीत. अकराव्याला पाठीवर ओरखडा. लाल पेटी. अठराव्याची कडा चेपलेली, ती तर आंधळ्यालाही लागली असती. पेटीत ब्रॅकेट पडला की मशीनवाले हूं करायचे. अर्ध्या तासात चाळीस संपले आणि मी हात झटकून बसले. मला वाटत होतं मी आता उठून नाचेन.

इंजिनीअरने कागद उलटा केला. बर, ओरखडे, चेपलेल्या कडा, सगळं बरोबर. टाळ्या पडल्या. पॅकिंगवालीने मला मागून मिठी मारली आणि चहावाला म्हणाला, बाप्पा, हे नख आहे का काय आहे.

इंजिनीअर थांबली होती. टाळ्या संपल्यावर तिने पास झालेल्यांतून चार ब्रॅकेट काढून माझ्यासमोर ठेवले.

"हे तुम्ही पास केले."

"चांगलेच आहेत. घे, पाहा."

"रंग कोणता आहे?"

"पिवळा."

"सगळीकडे?"

"सगळीकडे."

मग एक मशीनवाला हळूच म्हणाला, "मावशी, अर्धा तं पांढरा आहे."

हे सांगायला हवं. दिवाळीनंतर आमच्याकडे नवीन काम आलं होतं, त्यात ब्रॅकेटला पिवळी कोटिंग असते. आम्ही ते बाहेर पाठवतो, ते सोनेरी पिवळे होऊन येतात. त्या पिवळ्याने ॲल्युमिनियम सडत नाही. कुठे कोटिंग बसली नसेल तर तिथे ते कोरं पांढरं राहतं, आणि नखाला काहीच लागत नाही, कारण कोटिंग कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ. ते फक्त डोळ्याला दिसतं. आणि माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू होता, तो पिवळाच असतो, हे मला नंतर डॉक्टरने सांगितलं. मला भिंत पिवळी, भात पिवळा, सुनेचं पांढरं मांजर पिवळं. सगळं जगच कोटिंग करून आलेलं. माझ्यासमोर कोरा ब्रॅकेट ठेवा, मी पास करणार.

पहिली हसली ती पॅकिंगवाली. ती म्हणाली, "तरीच म्हणते, मी नवीन पांढरी साडी नेसून आले तं ही म्हणे हळदीले चालली का वं." मग सगळे हसले आणि मीही हसले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. इंजिनीअर हसली नाही. ती मोजत होती.

आपल्यामुळे काय होऊ शकलं असतं हे मला तेव्हा कळलं. नखाचा गर्व होता तो गेला. जागेवरच गेला.

पण त्या मुलीचं डोकं पाहण्यासारखं होतं. तिने रडारड केली नाही, मलाही करू दिली नाही. ती म्हणाली, दिवाळीच्या आधीचे पार्ट बिनकोटिंगचे, त्यांत नखाने सापडतं तेच वाईट असतं. तरी तिने त्यातलेही थोडे काढून दुसऱ्या बाईकडून तपासून घेतले. ठीक निघाले. राहिले पिवळे. नऊ नंबरचा शिक्का पाहून पाहून तिने कागद वेगळे केले. एकूण अकरा खोकी. सगळी आमचे पार्ट घेणाऱ्या मोठ्या कंपनीत गेलेली.

मालक तिच्या केबिनमध्ये गेला. दार उघडंच होतं.

"मॅडम, सांगायलाच पाहिजे काय? आपण बदली करून चुपचाप नवीन पाठवले तर?"

"सांगून झालं, सर."

"कधी?"

"तुम्ही चहा पीत होते तेव्हा."

मालक बाहेर आला आणि त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी दुसरीकडे पाहिलं. मला त्याचा चेहरा तसाही नीट दिसत नव्हता.

दहा खोकी त्यांच्या गोदामात सीलबंद सापडली. अकरावं सापडेना. ते पुढे विमान जोडतात तिथे गेलं होतं. दोन दिवस फोन वाजला की शेडमधल्या सगळ्या मशीन हळू झाल्यासारख्या वाटायच्या. मी घरी जायची आणि वर विमानाचा आवाज आला की ताट ठेवून गच्चीवर जायची. दिसत तर काहीच नव्हतं, पिवळ्या आभाळात पिवळा आवाज. तिसऱ्या दिवशी फोन आला. इंजिनीअर इंग्रजीत बोलली, मला कळलं नाही, पण तिने फोन ठेवल्यावर दोन्ही हातांनी केस सोडले आणि पुन्हा बांधले. खोकं तिथल्या रॅकवर होतं. एकही पार्ट बसवलेला नव्हता.

खोकी परत आली. मला पार्टांना हात लावायची बंदी होती. मी फक्त चिकटपट्टी कापून खोकी उघडून द्यायची, आणि दोन बायका दिव्याखाली बसून एकेक पाहायच्या. चार दिवस. त्यांत पाच निघाले. पाच ब्रॅकेट, माझ्या शिक्क्याचे, कोपऱ्यात कोरे. इंजिनीअरने ते माझ्या हातावर ठेवले, आणि मला पाचही पिवळेच दिसले.

"आता डोळे दाखवून या," ती म्हणाली. "मग पाहू."

"शिक्का परत देशील?"

"नऊ नंबर नाही देता येत. तो बंद झाला. डोळे करून या, परीक्षा द्या. पास झाल्या तर नवीन नंबर मिळेल. नाही झाल्या तर बर काढायला बसा."

तिने मोठ्या कंपनीच्या साहेबांना पाठवायचा कागद लिहिला, तो मला वाचूनही दाखवला. त्यात माझी कॉपी होतीच. खाली तिने लिहिलं होतं की तीन वर्षं एकच कार्ड वापरलं ही तिची चूक. मी म्हणाले, तुझं नाव कशाला घातलं? ती म्हणाली, "कार्ड कोणी बदललं नाही? मी. मग कोणाचं घालू, पॅकिंगवालीचं?"

"तिचंही घालता येते."

"घातलं आहे," ती म्हणाली.

डॉक्टरने डोळ्यांत उजेड मारला आणि विचारलं, आजी, तुम्ही इथपर्यंत चालत कशा आल्या? मी म्हणाले, पायांनी. सुनेने माझा हात दाबला. आठवड्यात एका डोळ्याचं ऑपरेशन झालं.

पट्टी काढली आणि मी वेडी झाले. दुसरा शब्द नाही. आधी निळा रंग आला. खिडकीचा पडदा इतका निळा होता की मी नर्सला विचारलं, आताच लावला काय? मग सून समोर आली.

"तुझ्या नाकावर तीळ आहे," मी म्हणाले.

"लग्नाच्या दिवसापासून आहे, आई."

घरी गेलो. स्वयंपाकघरात मी उंबरठ्यावरच थांबले. ओट्यामागे भिंतीवर तेलाचे ओघळ, पंख्यावर बोटभर जाळं, डब्यांच्या झाकणांवर चिकट थर. मी एकेक करून सगळं दाखवलं. सून ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, "आई, ती पट्टी फेकली नाही ना? परत बांधा." मग आरशात मी स्वतःला पाहिलं आणि तेवढ्यावर आमचं भांडण मिटलं, कारण पंख्यापेक्षा माझी अवस्था वाईट होती.

महिना घरी काढायचा होता. दुसऱ्या डोळ्याचा मोतीबिंदू अजून तसाच होता, आणि तोच मोठा खेळ झाला. एक डोळा मिटला की जग पिवळं, दुसरा मिटला की पांढरं. मी दिवसभर हेच करत बसायची. तपासणीला जाताना मेट्रोत बसले, वरून घरांच्या गच्च्या दिसत होत्या, वाळत घातलेले कपडे, पाण्याच्या टाक्या. मी हा डोळा मिटते, तो डोळा मिटते. शर्ट पांढरा, शर्ट पिवळा. मजेत होते. समोर एक पांढऱ्या मिशांचे गृहस्थ बसले होते. त्यांनी आधी मागे वळून पाहिलं, मग खाली पाहिलं, आणि पुढच्या स्टेशनवर उठून दुसऱ्या डब्यात गेले. सून म्हणाली, आई, तुम्ही त्यांना दहा वेळा डोळा मारला. मी सीताबर्डीपर्यंत हसत होते, आणि शेवटी तीही हसायला लागली.

दुसरा डोळा झाला, जवळचं पाहायला चष्मा मिळाला, आणि मी वर्कशॉपमध्ये परत आले. इंजिनीअरने आता डबाभर कार्डं केली होती, प्रत्येकावर नुसते आकडे, आणि डोळे मिटून त्यातलं एक उचलायचं. पॅकिंगवाली मला दारातच भेटली.

"मी पाहून ठेवले आहेत. सांगू का वं?"

"तोंड बंद ठेव."

"सगळे नाही, सात कार्डाचे आहेत."

"तुले एकदा कागदावर घातलं ते पुरलं नाही काय?"

कार्ड मी वाचलं. शेवटच्या ओळीतले आकडे मुंगीच्या पायाएवढे, तरी वाचले. वाचून झाल्यावर कार्डाच्या मागचा कारखान्याचा शिक्काही वाचून दाखवला, तो कोणी विचारला नव्हता.

मग ट्रे. चाळीस ब्रॅकेट. आता माझ्याकडे नखही होतं, डोळेही होते आणि चष्माही. मी एकेक उचलला आणि मला इतकं काही दिसायला लागलं की विचारू नका. मशीनच्या हत्याराच्या रेघा, कपड्याने पुसल्याच्या खुणा, कोटिंगमधल्या फिक्या-गडद लाटा. हा वाईट. हाही वाईट. लाल पेटी भरत चालली आणि माझ्या अंगात आलं. तीस वर्षं बिड्या मोडणाऱ्याला शिव्या दिल्या, आणि आता त्याला मागे टाकलं. दुसरी पेटी मागवली.

इंजिनीअरने मोजलं. "सत्तावीस टाकले."

"वाईट होते."

"माझ्या कागदावर नऊ आहेत."

"तुझा कागद चुकला असंल."

"मावशी, नऊच्या नऊ तुम्ही काढले. ते बरोबर. पण अठरा चांगले टाकले. नापास."

मी चिडले. वाईट काही सोडलं नाही, मग नापास कशाची? ती म्हणाली, चांगल्याला वाईट म्हटलं तीही चूकच. विमान उभं राहील, कारण ब्रॅकेट पोचणारच नाहीत. तिने भिंतीवरची पाटी दाखवली. त्यावर नमुन्याचे ब्रॅकेट लावलेले असतात, कोणती रेघ चालते, कोणती नाही. ती पाटी तिथे पाच वर्षं होती आणि मी तिला आजवर शोभेची समजत होते.

"एवढी रेघ चालते," ती म्हणाली.

"पण दिसून राहिली ना."

"दिसू द्या. हद्द कागदावर लिहिली आहे. तुम्हाला किती दिसतं त्याच्यावर नाही."

आठ दिवस मी त्या पाटीसमोर स्टूल टाकून बसले. दिसलेलं सोडून द्यायला शिकणं फार कठीण. हात आपोआप लाल पेटीकडे जायचा. पॅकिंगवाली जाता जाता विचारायची, "पाठ करून राहिली का वं?" आणि मी तिला पाटीवरचा सगळ्यात वाईट ब्रॅकेट दाखवून म्हणायची, हा पाहा, तुझा फोटो लावला आहे.

दुसऱ्या परीक्षेत तेरा टाकले. चार जास्त. नापास. इंजिनीअर म्हणाली, तिसरी शेवटची, याच्यानंतर मलाच घेता येत नाही. त्या सकाळी मला पोहेसुद्धा गेले नाहीत. ट्रेसमोर बसले, चष्मा पुसला, आणि जे दिसलं ते पाटीच्या हद्दीशी ताडून पाहिलं. बत्तिसाव्या ब्रॅकेटपाशी अडकले. कोपऱ्यात एक काळी बारीक रेघ, केसाएवढी. हद्दीत बसत नव्हती. पेटीकडे हात गेला. मग परत आणला आणि फुंकर मारली. रेघ उडाली. माझ्याच भुवईचा केस होता. मी तो ब्रॅकेट चांगल्यांत ठेवला आणि इतकी हसत सुटले की इंजिनीअरला दोन मिनिटं परीक्षा थांबवावी लागली. काय झालं ते मी तिला नंतर सांगितलं, तेव्हा तीही हसली. मी तिला हसताना पहिल्यांदा पाहिलं, म्हणजे हसत आधीही असेल, मला दिसलं नसेल.

नऊ टाकले. नऊच्या नऊ बरोबर.

शिक्का चौदा नंबरचा. रजिस्टरमध्ये सही करून बाजूला तो उमटवून दाखवावा लागतो. सही केली, उमटवला, किल्ली कमरेला लावली. मालक म्हणाला, मावशी, आता सांभाळा. मी म्हणाले, तुम्ही सांभाळा, मला आता दिसतं.

पहिला लॉट त्याच दुपारी आला, पिवळ्याचाच. मशीनवाला स्वतः ट्रे घेऊन आला, कारण संध्याकाळी गाडी जायची होती, आणि माझ्या डोक्यावर उभा राहिला. अकरा पास केले. बारावा उचलला, नख फिरवलं, दिव्याखाली धरला, आणि लाल पेटीत टाकला.

"काहून?" तो म्हणाला.

"कोपऱ्यात कोरं आहे."

त्याने पेटीतून काढून डोळ्यांजवळ नेला, लांब नेला. "मले तं नाही दिसत."

"तुले दिसायची गरज नाही. मले दिसलं."

"मावशी, पाहा बरं पुन्हा. सुई बसणार नाही एवढी जागा आहे तुम्ही म्हणता ती."

"पाटीवर पाहून ये किती चालते."

तो पाटीकडे गेला नाही, तरातरा केबिनमध्ये गेला. मी काम थांबवून बसले. आतून बोलण्याचा आवाज येत होता, त्याचाच जास्त. मग इंजिनीअर ब्रॅकेट घेऊन बाहेर आली. तिने तो माझ्या दिव्याखाली धरला, भिंगातून पाहिला, उलटा करून पाहिला, पुन्हा पाहिला. ब्रॅकेट लाल पेटीत टाकला आणि केबिनमध्ये निघून गेली.

मशीनवाला माझ्याकडे पाहत होता. मी तेरावा उचलला.